विश्लेषण : मोबाइलवरील ‘कानबान’ फलक आला कुठून? त्यामागचे ताइची ओनो कोण होते?

‘करायचे’, ‘सुरू’ आणि ‘झाले’ असे तीन रकाने आणि त्यांतून पुढे सरकणारी कार्डे. जिरा, ट्रेलो यांसारख्या ऑनलाइन साधनांमुळे हा फलक आयटी कर्मचाऱ्यांच्या रोजच्या पाहण्यातला आहे. मात्र त्याचा जन्म संगणकावर झाला नाही. जपानमधील टोयोटाच्या मोटार कारखान्यात ताइची ओनो या अभियंत्याने तो कागदी चिठ्ठीच्या रूपात घडवला.

ओनो टोयोटात कसे आले?

ओनो यांचा जन्म २९ फेब्रुवारी १९१२ रोजी चीनमधील दालियन येथे झाला. हे शहर तेव्हा जपानच्या ताब्यात होते. नागोया येथे तांत्रिक शिक्षण घेऊन १९३२ मध्ये ते टोयोडा घराण्याच्या कापड गिरणीत रुजू झाले. या घराण्यातील साकिची टोयोडा यांनी धागा तुटताच आपोआप थांबणारा माग तयार केला होता. खराब कापड विणत राहण्यापेक्षा यंत्र थांबलेले बरे, हा विचार ओनो यांच्या मनात इथेच रुजला. १९४३ मध्ये ते टोयोटा मोटर कंपनीत आले.

१९५० मध्ये काय घडले?

युद्धानंतर जपानमध्ये भांडवलाचा दुष्काळ होता. विक्री मंदावली, न खपलेल्या गाड्यांत पैसा अडकला आणि टोयोटा बुडण्याच्या बेतात आली. मोठा संप झाला, सुमारे २,००० कामगारांना कंपनी सोडावी लागली आणि संस्थापक किइचिरो टोयोडा यांनी अध्यक्षपद सोडले. त्याच महिन्यात कोरियात युद्ध पेटले आणि अमेरिकी लष्कराच्या ट्रकच्या मागणीने कंपनी सावरली. गरजेपेक्षा जास्त उत्पादन हाच सर्वात मोठा अपव्यय, या मतावर ओनो पुढे आयुष्यभर ठाम राहिले. प्रतीक्षा, अनावश्यक वाहतूक, साठा, सदोष माल असे अपव्ययाचे एकूण सात प्रकार त्यांनी मांडले.

‘कानबान’ म्हणजे नेमके काय?

‘कानबान’ या जपानी शब्दाचा साधा अर्थ पाटी किंवा फलक. ओनो यांना कल्पना सुचली ती अमेरिकी सुपरमार्केटवरून. तिथे ग्राहक हवे तेवढेच उचलतो आणि फळीवर जेवढी जागा रिकामी होते तेवढाच माल पुन्हा भरला जातो. मग कारखान्यातील पुढच्या विभागाला ‘ग्राहक’ का मानू नये? १९५३ मध्ये त्यांनी आपल्या यंत्रशाळेत ही पद्धत लागू केली. सुट्या भागांच्या खोक्यासोबत एक चिठ्ठी असे. पुढच्या विभागाने खोके उचलले की चिठ्ठी मागे परत येई आणि तीच नव्या उत्पादनाची परवानगी ठरे. चिठ्ठी नाही तर काम नाही. चिठ्ठ्यांची संख्या ठरलेली असल्याने अर्धवट मालाचा ढीग साचतच नसे. चिठ्ठ्या हळूहळू कमी केल्या की दडलेल्या अडचणी उघड्या पडत. त्या शोधताना पहिल्या उत्तरावर न थांबता पाच वेळा ‘का’ विचारावे, असा ओनो यांचा आग्रह असे.

विरोध झाला का?

झाला. एका कामगाराने एकाहून अधिक यंत्रे सांभाळावीत, हा बदल कुशल कारागिरांना रुचला नाही. ओनो यांचा स्वभावही कडक होता. अभियंत्यांना जमिनीवर खडूने आखलेल्या वर्तुळात तासन्‌तास उभे करून ते निरीक्षण करायला लावत, असे सांगितले जाते. ही पद्धत संपूर्ण कंपनीत पोहोचायला साधारण दशक गेले. १९७३ च्या तेलसंकटानंतर जपानी उद्योगांचे लक्ष तिच्याकडे वळले. त्याच वर्षी पत्रकार सातोशी कामाता यांनी टोयोटात हंगामी कामगार म्हणून काढलेल्या दिवसांवर पुस्तक लिहून जुळणी पट्ट्याच्या वेगाखाली पिचणारी माणसे दाखवली. अपव्यय टाळताना कामगाराची उसंतही काढून घेतली जाते का, हा प्रश्न तेव्हापासून या पद्धतीला चिकटलेला आहे. १९७५ मध्ये कार्यकारी उपाध्यक्ष झालेले ओनो १९७८ मध्ये त्या पदावरून निवृत्त झाले. त्याच वर्षी उत्पादन पद्धतीवरील त्यांचे पुस्तक आले. २८ मे १९९० रोजी त्यांचे निधन झाले.

कारखान्यातून सॉफ्टवेअरमध्ये कसे?

२००१ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात १७ सॉफ्टवेअर तज्ज्ञांनी ‘अजाइल’ जाहीरनामा मांडला. २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टमधील एका गटासाठी डेव्हिड अँडरसन यांनी, आधीचे काम संपल्याशिवाय नवे हाती घ्यायचे नाही, ही मर्यादा घातली. या गटाचे बरेचसे काम हैदराबादमध्ये चाले. एखादी मागणी पूर्ण व्हायला सुमारे पाच महिने लागत, तो काळ दोन आठवड्यांच्या आसपास आला. साचलेली रांग आटली. पुढे भिंतीवरच्या चिकट चिठ्ठ्या आल्या आणि मग तोच फलक इंटरनेटवर गेला.

मग आज काय निसटते आहे?

ऑनलाइन फलकावर कार्ड बनवायला दोन सेकंद लागतात आणि जागा कधीच संपत नाही. कारखान्यात ढीग साचला तर चालायला वाट उरत नाही. पडद्यावर तो बोटाने वर सरकवला की दिसेनासा होतो. म्हणून अनेक गटांत ‘सुरू’ रकान्यात तीसचाळीस कार्डे लटकलेली असतात, प्रत्येक जण कामात बुडालेला असतो आणि पूर्ण मात्र थोडेच होते. एका रकान्यात किती कार्डे चालतील याची मर्यादा घालण्याची सोय अशा बहुतेक साधनांत आहे, पण ती वापरावी लागते. ओनो यांची चिठ्ठी ही कामांची यादी नव्हती. नवे काम आता घेता येणार नाही, हे साहेबालाही सांगण्याचा तो अधिकार होता. तो नसेल तर उरतात ते फक्त रंगीत रकाने.