आचरणाचा गुरू : इरॅस्मस

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. वडिलांना अक्षरओळख नाही. सुट्टीत गावी गेलो, की चार माणसांत दोन इंग्रजी शब्द फेकण्याचा मोह मला आवरत नसे. ग्रंथालयात इरॅस्मसचे चरित्र हाती आले आणि या मोहाची मला प्रथमच लाज वाटली.

पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात हॉलंडमधील रॉटरडॅम येथे त्याचा जन्म झाला. वडील धर्मगुरू, आईवडिलांचा विवाह झालेला नव्हता. हा डाग पुसण्यासाठी त्याला पुढे पोपकडून खास सूट मिळवावी लागली. लहान वयातच आईवडिलांचे छत्र हरपले आणि पालकांनी त्याला मठात घातले. १४९२ मध्ये त्याने धर्मगुरूची दीक्षा घेतली. पुढे पॅरिसमध्ये शिकताना पोटाचे हाल झाले, तरी चार पैसे हाती येताच आधी ग्रीक ग्रंथ आणि मग कपडे, हाच त्याचा हिशेब होता.

वाट चुकलेल्या पतीला चार हिताच्या गोष्टी सांगा, अशी विनंती एका पत्नीने त्याला केली. त्यातून एक छोटे पुस्तक तयार झाले. ते १५०३ मध्ये अँटवर्पला छापले गेले. त्याच्या ग्रीक नावाचे अर्थ दोन : हाताशी ठेवायची पोथी आणि कमरेची कट्यार. सदाचरणाचे बावीस नियम त्यात आहेत. संतांच्या अस्थींपुढे माथा टेकायचा आणि त्यांचे गुण मात्र अंगी आणायचे नाहीत, ही त्याच्या मते भक्ती नव्हेच. नुसता मठाचा वेष घातल्यानेही कोणी पुण्यवान होत नाही.

१५१६ मध्ये त्याने ग्रीक नवा करार छापून प्रसिद्ध केला. नांगर धरणाऱ्या शेतकऱ्याच्या आणि मागावरच्या विणकराच्या ओठीही त्यातील वचने असावीत, ही इच्छा त्याने त्याच्या प्रस्तावनेत प्रकट केली.

पुढे ल्यूथरच्या बंडाने युरोप दुभंगला. इरॅस्मस चर्चच्या दोषांवर बोलत राहिला, पण चर्च सोडून गेला नाही. दोन्ही पक्षांनी त्याला बोल लावले. कित्येकांनी त्याला भित्रा ठरवले. त्याचा मित्र थॉमस मोर याचा १५३५ मध्ये शिरच्छेद झाला. १५३६ मध्ये बाझल येथे इरॅस्मसने देह ठेवला. १५५९ मध्ये पोपने त्याच्या साऱ्या ग्रंथांवर बंदी घातली. मला तो भित्रा वाटत नाही. दोन्हीकडून मार खाऊनही द्वेष न करणे हे भित्र्याचे काम नव्हे.

एक गोष्ट मात्र मनाला लागून राहते. शेतकऱ्यासाठी तळमळणारा हा पंडित जन्मभर लॅटिनमध्येच लिहीत राहिला. त्याचा शेतकरी ते वाचू शकला नसता. माझे वडीलही औत धरतात. हा लेख त्यांना वाचता येणार नाही; म्हणून येत्या सुट्टीत मीच तो त्यांना वाचून दाखवणार आहे, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर रानात जाणार आहे.