मास्टर विनायक : पणजोबांच्या पिढीचा खट्याळ नायक

चित्रपटांवरून दोन पिढ्यांत वाद झाला नाही असे घर विरळाच. जुने प्रेमपट कसे सोज्वळ, सभ्य आणि सहकुटुंब पाहण्याजोगे होते, असे थोरले सांगतात. धाकट्यांना तेच चित्रपट संथ आणि भाबडे वाटतात. कोल्हापुरात या वादाला आणखी एक धार येते. जुन्या मराठी चित्रपटाचे हे माहेरघर असल्याने येथील जुन्या माणसांना त्याचा घरचा अभिमान असतो. मात्र या सोज्वळतेच्या आठवणी निघतात तेव्हा याच शहरातील एक माणूस सोयीस्करपणे विसरला जातो. त्याचे नाव विनायक दामोदर कर्नाटकी, अर्थात मास्टर विनायक.

१९ जानेवारी १९०६ रोजी कोल्हापुरात त्यांचा जन्म झाला. त्यांच्या ऐन तारुण्यात हे शहर चित्रपटाने झपाटलेले होते. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतून बाहेर पडलेल्या मंडळींनी १९२९ मध्ये येथेच ‘प्रभात’ची स्थापना केली. बाबूराव आणि भालजी पेंढारकर हे बंधू विनायकांच्या नात्यातले. थोरला भाऊ वासुदेव छायालेखनात गढलेला. ‘प्रभात’च्या ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) या पहिल्या बोलपटात विनायकांनी नारद रंगवला. पुढच्याच वर्षी ‘प्रभात’ने पुण्याला बिऱ्हाड हलवले, तेव्हा ते कोल्हापुरातच राहिले आणि कोल्हापूर सिनेटोनसाठी १९३५ मध्ये ‘विलासी ईश्वर’ दिग्दर्शित केला. शोभना समर्थ यांचे पदार्पण याच चित्रपटातून झाले.

१९३६ मध्ये बाबूराव पेंढारकर आणि छायालेखक पांडुरंग नाईक यांच्यासह विनायकांनी ‘हंस पिक्चर्स’ काढली. त्या कंपनीचा ‘छाया’ ही वि. स. खांडेकरांची पडद्यावरची पहिली कथा. लीला चिटणीस त्यात होत्या, विनायक स्वतः कवीच्या भूमिकेत होते आणि प्रेमाचा शेवट अश्रूंत होत होता. त्या काळच्या सुशिक्षित मध्यमवर्गाला प्रेम असेच रुचत होते. ध्येय, त्याग आणि ताटातूट यांत बुडालेले प्रेम त्याला चालत असे. सुखी प्रेमाविषयी मात्र मनात अढी होती.

ती अढी आचार्य अत्रे आणि विनायक या जोडीने ‘ब्रह्मचारी’त (१९३८) हसत हसत सोडवली. कथा, संवाद आणि गीते अत्र्यांची, संगीत दादा चांदेकरांचे. औदुंबर नावाचा एक साधासुधा तरुण ब्रह्मचर्यावरील भाषण ऐकून पेटून उठतो, भिंतीवरील नट्यांची छायाचित्रे उतरवतो, दंड-बैठका सुरू करतो आणि बलोपासनेच्या संस्थेत दाखल होतो. मग किशोरी त्याच्या आयुष्यात येते आणि सारे व्रत डळमळू लागते. औदुंबराची फजिती विनायकांनी स्वतः साकारली, तीही नायकपणाचा कोणताही आब न राखता. त्या दशकात शरीरसंवर्धन, शिस्त आणि स्त्रीपासून दूर राहणे यांवर देशोद्धाराची भिस्त ठेवणारी व्याख्याने जागोजागी होत. अशा वेळी, तेही तालमींच्या आणि खासबाग मैदानाच्या गावात राहून, ब्रह्मचर्याची टर उडवण्याला धाडसच लागत होते.

पण गहजब झाला तो कथेवरून नव्हे. किशोरी झालेल्या मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या पोशाखात पडद्यावर आल्या आणि राधा-कृष्णाच्या जलक्रीडेची आठवण करून देणारे गाणे गाऊन त्यांनी औदुंबराला साद घातली. गाणे त्यांच्याच आवाजात होते. मराठी कुलीन नायिकेने असे दिसावे, हे अनेकांना मानवले नाही. टीका झाली, संस्कृतीच्या नावाने बोटे मोडली गेली आणि तरुणांनी चित्रपटगृहे भरली. आज ते दृश्य पाहणाऱ्या तरुणाला त्यात खटकण्यासारखे काय, हेच उमगत नाही. सोज्वळ म्हणून गौरवल्या जाणाऱ्या काळातील हा सर्वांत गाजलेला प्रणयप्रसंग, आणि तो तेव्हाच्या थोरल्यांना बिघाडाचे लक्षण वाटला होता.

विनायकांच्या कारकिर्दीत ही ओढाताण शेवटपर्यंत राहिली. त्यांना स्वतःला खांडेकरांच्या गंभीर कथांची ओढ होती. ‘ज्वाला’, ‘देवता’, ‘अमृत’ हे चित्रपट त्यांनी जीव ओतून केले. त्यांपैकी ‘ज्वाला’कडे तर प्रेक्षकांनी पाठ फिरवली. लोकांनी डोक्यावर घेतले ते ‘ब्रह्मचारी’, ‘ब्रँडीची बाटली’ (१९३९) आणि चिं. वि. जोशींच्या चिमणरावाला पडद्यावर आणणारा ‘लग्न पहावे करून’ (१९४०) यांना. समीक्षकांनी ध्येयवादी विनायकांना मान दिला, तरीही त्यांचा खरा वारसा विनोदातच आहे. आपल्याच पिढीच्या गांभीर्याला हसण्याचे धैर्य तेथे दिसते.

‘हंस’चे पुढे ‘नवयुग चित्रपट’मध्ये विसर्जन झाले. तेथेही फार काळ न रमता विनायकांनी १९४३ च्या सुमारास ‘प्रफुल्ल पिक्चर्स’ ही स्वतःची संस्था कोल्हापुरात उभारली. १९४२ च्या एप्रिलमध्ये मास्टर दीनानाथ मंगेशकर गेले होते आणि त्या कुटुंबाचा भार तेरा वर्षांहूनही लहान असलेल्या लतावर आला होता. विनायकांनी तिला ‘नवयुग’च्या ‘पहिली मंगळागौर’मध्ये काम मिळवून दिले आणि पुढे ‘प्रफुल्ल’मध्ये नोकरी दिली. १९४५ मध्ये कंपनी मुंबईला गेली, तिच्याबरोबर लता मंगेशकरही गेल्या. त्याच वर्षीच्या ‘बडी माँ’त नूरजहाँ नायिका होत्या, लता आणि आशा या बहिणी छोट्या भूमिकांत होत्या. पुढील पन्नास वर्षांच्या हिंदी प्रेमपटांचा आवाज असा कोल्हापूरच्या एका कंपनीच्या सामानासोबत मुंबईत पोहोचला, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरू नये.

मुंबई विनायकांना फार काळ लाभली नाही. देश स्वतंत्र झाल्यानंतर चारच दिवसांनी, १९ ऑगस्ट १९४७ रोजी, वयाच्या ४१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. हाती असलेला ‘मंदिर’ अपुरा राहिला. तो दिनकर द. पाटील यांनी पूर्ण केला आणि १९४८ मध्ये प्रदर्शित झाला. कर्ता पुरुष गेल्याने घर उघड्यावर आले. त्या ‘मंदिर’मध्ये दिसलेली त्यांची चिमुरडी मुलगी बेबी नंदा म्हणून चित्रपटांत कामे करू लागली.

या नंदाच पुढे हिंदीतील आघाडीच्या नायिका झाल्या. १९६५ च्या ‘जब जब फूल खिले’मध्ये त्या आणि शशी कपूर काश्मीरच्या शिकाऱ्यात दिसले. तो चित्रपट पाहत जी पिढी वयात आली, तिने १९९६ मध्ये त्याच धर्तीचा ‘राजा हिंदुस्तानी’ पाहून नाके मुरडली; त्या पिढीची मुले आता ‘राजा हिंदुस्तानी’च्या गाण्यांनी हळवी होतात. मीनाक्षी शिरोडकरांच्या नाती शिल्पा आणि नम्रता याच नव्वदच्या दशकात पडद्यावर होत्या. नम्रता १९९३ मध्ये मिस इंडिया झाल्या. आजीच्या पोहण्याच्या पोशाखावरून झालेला गदारोळ त्या वेळी कोणाला आठवलाही नाही.

नंदा २०१४ मध्ये गेल्या. राज कपूर यांच्या ‘प्रेम रोग’मध्ये (१९८२) त्या नायिका नव्हत्या. विधवा झालेल्या तरुण मुलीच्या आईची भूमिका त्यांनी केली होती. मुलगी होती पद्मिनी कोल्हापुरे.