कॅरेन कारपेंटर: वजन वाढले, पण हृदय थकलेलेच होते

मुलगी जेवत नाही म्हणून अनेक महिने काळजीत असलेल्या घरात वजनकाट्यावर दोन-चार किलो वाढलेले दिसले, की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. तुमच्या घरी असे झाले असेल, तर अमेरिकन गायिका कॅरेन कारपेंटरचे आयुष्य तुम्ही एकदा वाचावे असे मला वाटते.

कॅरेनचा जन्म २ मार्च १९५० रोजी झाला. १९६३ मध्ये कुटुंब कॅलिफोर्नियातील डाउनी गावी राहायला आले. शाळेत व्यायामाचा तास चुकवता यावा म्हणून ती बँडमध्ये गेली आणि तिथेच ड्रमच्या प्रेमात पडली. थोरला भाऊ रिचर्ड पियानो वाजवायचा. १९६९ मध्ये ए अँड एम रेकॉर्ड्सने दोघांशी करार केला आणि पुढच्याच वर्षी ‘क्लोज टू यू’ हे त्यांचे गाणे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. गायिका म्हणून जग तिला ओळखू लागले, तरी ती स्वतःला आधी ड्रमर समजायची. पण ड्रमच्या मागे बसलेली कॅरेन प्रेक्षकांना नीट दिसत नव्हती. म्हणून तिला रंगमंचावर पुढे आणून उभे करण्यात आले. टीव्हीचे कार्यक्रमही सुरू झाले. आता सगळ्यांची नजर तिच्या शरीरावर होती.

वयाच्या सतराव्या वर्षी तिने डॉक्टरांच्या देखरेखीखाली थोडे वजन कमी केले होते. खरा आजार सुरू झाला तो पुढे, प्रसिद्धीच्या काळात. १९७५ पर्यंत ती इतकी अशक्त झाली की इंग्लंड आणि जपानचे दौरे रद्द करावे लागले. तिचे वजन किती होते हे मी मुद्दाम लिहीत नाही. या आजारातल्या मुली अशा आकड्यांशी स्वतःची तुलना करतात.

या आजाराचे नाव अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा. हा हट्ट नाही आणि नखराही नाही. यात आपण जाड आहोत ही भीती मनात इतकी घट्ट बसते, की आरशात हाडे दिसली तरी ती जात नाही. त्या काळी हे नाव सामान्य घरांत कोणी ऐकलेले नव्हते. रिचर्डला झोपेच्या गोळ्यांची सवय लागली होती आणि १९७९ मध्ये त्यावर रुग्णालयात उपचार झाले. कॅरेनचे न जेवणे मात्र बराच काळ डाएटच समजले गेले.

घरच्यांचे लक्ष ताटाकडे असते, औषधांच्या डब्याकडे नसते. कॅरेन पोट साफ होण्याच्या गोळ्या खूप घेत होती. थायरॉइड ग्रंथी व्यवस्थित असताना थायरॉइडच्या गोळ्याही घेत होती. पोट साफ होण्याच्या गोळ्यांनी चरबी कमी होत नाही. अन्नातले पोषण लहान आतड्यात आधीच शोषलेले असते, बाहेर पडते ते पाणी आणि पोटॅशियमसारखे क्षार. पोटॅशियम कमी झाले की हृदयाचे ठोके चुकू लागतात. थायरॉइडची नको असलेली गोळी त्याच थकलेल्या हृदयाला आणखी पळवते.

१९८२ मध्ये ती मानसोपचारासाठी न्यूयॉर्कला गेली. सप्टेंबरमध्ये लेनॉक्स हिल रुग्णालयात दाखल झाल्यावर शिरेतून पोषण देऊन काही आठवड्यांत तिचे वजन बरेच वाढले. नोव्हेंबरमध्ये ती घरी परतली. संकट टळले असे दिसत होते. ४ फेब्रुवारी १९८३ च्या सकाळी ती आईवडिलांच्या घरी कोसळली आणि रुग्णालयात तिचा मृत्यू झाला. वय फक्त ३२.

शवविच्छेदनाच्या अहवालात अ‍ॅनोरेक्सियामुळे झालेली एमेटीनची हृदयबाधा हे कारण आले. एमेटीन हा इपिकॅक या उलटीच्या औषधातला घटक. विषबाधेवर घरी ठेवायचे औषध म्हणून ते तेव्हा अमेरिकेत चिठ्ठीशिवाय मिळे. घरच्यांनी हा निष्कर्ष मान्य केला नाही, त्यांना तशी बाटली कधी सापडली नव्हती. आपल्याकडे पूर्वी अमिबाच्या आवेवर एमेटीनची इंजेक्शने देत, तेव्हाही हृदयाच्या भीतीने रुग्णाला पडून राहायला सांगत. हे द्रव्य शरीरातून फार हळू बाहेर जाते आणि हृदयाच्या स्नायूत साठत राहते. उपाशी राहून तो स्नायू आधीच पातळ झालेला असतो. वजनकाट्याला यातले काहीच कळत नाही.

म्हणून वजन वाढू लागले तरी तपासण्या थांबवू नका. ईसीजी, पोटॅशियम, फॉस्फेट आणि मॅग्नेशियम पुन्हा कधी करायचे, हे डॉक्टरांना विचारा. फार दिवस उपाशी राहिलेल्या शरीराला एकदम भरपूर खाऊ घातले तर फॉस्फेट धोकादायक पातळीपर्यंत घसरते, त्यामुळे आहार हळूहळू आणि रक्ततपासणी करत वाढवतात. प्रेमाने तूप-लाडूंचा मारा करणाऱ्या आजीला हे आधी समजावून सांगा. मानसोपचार वजन वाढल्यानंतरही चालू ठेवायचे असतात. घरातल्या कोणाच्या थायरॉइडच्या गोळ्या लवकर संपत असतील, तर न रागावता डॉक्टरांच्या कानावर घाला. आणि चक्कर येऊन पडणे, छातीत धडधडणे किंवा पायांतली ताकद गेल्यासारखे वाटणे, यांपैकी काहीही झाले तर सकाळ होण्याची वाट न पाहता तिला रुग्णालयात न्या.