काशीनाथुनी नागेश्वरराव

काशीनाथुनी नागेश्वरराव (१ मे १८६७ – ११ एप्रिल १९३८) हे तेलुगू पत्रकार, स्वातंत्र्यसैनिक आणि अमृतांजन या वेदनाशामक बामाचे निर्माते होते. आंध्रात ते ‘देशोद्धारक’ या उपाधीने ओळखले जातात. महाराष्ट्रात मात्र त्यांच्या नावापेक्षा त्यांचे औषधच अधिक परिचित आहे, आणि त्या औषधाचा जन्मही मुंबईचाच.

कृष्णा जिल्ह्यातील एलकुर्रू हे त्यांचे जन्मगाव. १८९१ मध्ये मद्रास ख्रिश्चन कॉलेजातून पदवी घेतल्यावर ते मद्रास व कलकत्ता येथे काही काळ काढून मुंबईस आले. तेथे १८९३ मध्ये त्यांनी अमृतांजनचे उत्पादन सुरू केले. प्रारंभी संगीताच्या मैफलींत ते हा बाम श्रोत्यांना फुकट वाटत. डोकेदुखी व अंगदुखीवर वैद्याच्या चिठ्ठीवाचून मिळणारे हे औषध पुढे घरोघरी पोहोचले.

अशा बामांतील पुदिन्याचे सत्त्व व कापूर त्वचेतील थंड-उष्ण जाणिवेचे मज्जातंतू उत्तेजित करतात; त्यामुळे मूळ दुखणे काही काळ कमी जाणवते, त्याचे कारण दूर होत नाही. पोटात घेण्याच्या दाहशामक गोळ्यांनी जठरात व्रण होण्याचा जो धोका असतो, तो येथे फारच कमी. तरीही बाहेरून लावायचे औषध निर्धोकच असते, हा समज चुकीचा आहे. कापूर गिळला गेल्यास लहान मुलांना झटके येऊ शकतात. तान्ह्या मुलांच्या नाकाजवळ असे बाम लावू नयेत. काही बामांत मिथाइल सॅलिसिलेट हे अ‍ॅस्पिरिनच्या कुळातील द्रव्य असते. ते त्वचेतून रक्तात शोषले जात असल्याने रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांना रक्तस्रावाचा धोका संभवतो.

बामाच्या व्यवसायात मिळालेला पैसा नागेश्वररावांनी सार्वजनिक कार्यात ओतला. आंध्र पत्रिका हे साप्ताहिक त्यांनी मुंबईतूनच काढले व १९१४ मध्ये मद्रासला नेऊन त्याचे दैनिक केले. १९२४ मध्ये भारती हे साहित्यिक मासिक निघाले. मिठाच्या सत्याग्रहात त्यांनी कारावास भोगला. आंध्र व रायलसीमा यांच्या नेत्यांमधील १९३७ चा श्रीबाग करार मद्रासमधील त्यांच्याच निवासस्थानी झाला व त्या घराच्या नावानेच तो ओळखला जातो.

पुणे–मुंबई मार्गावरील खंडाळ्याच्या घाटातील ब्रिटिशकालीन पुलाला या बामाच्या जाहिरातफलकावरून अमृतांजन पूल हे नाव पडले होते. तो पूल एप्रिल २०२० मध्ये पाडण्यात आला.