विश्लेषण : सांगाडा ताठ, स्प्रिंग मऊ! कॉलिन चॅपमन यांनी रेसिंग कार कशी बदलली?

खड्ड्यातून जाताना कारचा सांगाडाही किंचित पिळला जातो. मग सस्पेन्शन कितीही चांगले असले, तरी चाके रस्त्यावर नीट टेकत नाहीत. या दुखण्यावर रेसिंगमध्ये जालीम उपाय शोधला ब्रिटिश अभियंते कॉलिन चॅपमन यांनी.

१९२८ मध्ये जन्मलेल्या चॅपमन यांनी लंडनमध्ये स्ट्रक्चरल इंजिनीअरिंगचे शिक्षण घेतले. १९५२ मध्ये त्यांनी ‘लोटस’ कंपनी सुरू केली.

काय होता बदल?
तेव्हा रेसिंग कारचा सांगाडा नळ्या जोडून बनवत. १९६२ च्या ‘लोटस २५’मध्ये चॅपमन यांनी विमानाप्रमाणे अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यांचीच पेटी केली. यालाच मोनोकॉक म्हणतात. वजन घटले आणि ताठपणा मात्र कित्येक पटींनी वाढला.

फायदा काय झाला?
सांगाडा पिळत नसल्याने स्प्रिंग मऊ ठेवता आल्या. धक्के त्यांनी झेलले, वळणावर पकड टिकली. १९६३ मध्ये जिम क्लार्क यांनी १० पैकी ७ शर्यती जिंकून जगज्जेतेपद मिळवले.

टीका का झाली?
वजन कमी करण्याच्या ध्यासापायी लोटसच्या गाड्या नाजूक होतात, असा आक्षेप होता. १९७० मध्ये मोंझा येथे सरावादरम्यान लोटसचे चालक योखेन रिंट यांचा मृत्यू झाला. ब्रेकचा शाफ्ट तुटल्याचे तपासात आढळले.

१९८२ मध्ये ५४ व्या वर्षी हृदयविकाराने चॅपमन यांचे निधन झाले. आज फॉर्म्युला वनमधील प्रत्येक कार मोनोकॉकच असते. फक्त पत्र्याऐवजी कार्बन फायबरची. अपघातात चालकाचा जीव वाचवते, ती हीच पेटी.