शिरस्त्राणाचा पाठपुरावा करणारा शल्यविशारद

चौकात पोलीस दिसला की कोपरात अडकवलेले हेल्मेट डोक्यावर चढवायचे आणि चौक ओलांडला की ते पुन्हा आरशाला टांगायचे, हा आपल्या शहरांतील असंख्य दुचाकीस्वारांचा नित्यक्रम होऊन बसला आहे. हेल्मेट ही सरकारने लादलेली वस्तू असून दंड वाचवणे एवढेच तिचे प्रयोजन आहे, अशी समजूत या नित्यक्रमाच्या मुळाशी असते. पण रोजच्या रस्त्यावरून जाणाऱ्या साध्या स्वाराने शिरस्त्राण घातले पाहिजे, हा आग्रह शास्त्रीय पुराव्यानिशी धरला तो एका मेंदूच्या शल्यविशारदाने, आणि तोही फुटलेल्या कवट्या सांधण्यात वर्षानुवर्षे घालवल्यानंतर. सर ह्यू केर्न्स हे त्यांचे नाव. १९५२ साली ते निवर्तले. वैद्यकाच्या इतिहासात त्यांना मानाचे स्थान आहे. परंतु ज्यांचे प्राण त्यांच्या खटपटीमुळे वाचले, त्यांपैकी बहुतेकांना ते ठाऊकही नाहीत. त्यांचे चरित्र आज आठवण्यासारखे आहे, आणि ते केवळ कृतज्ञतेपोटी नव्हे.

केर्न्स मूळचे ऑस्ट्रेलियाचे. दक्षिण ऑस्ट्रेलियातील पोर्ट पिरी या बंदराच्या गावी २६ जून १८९६ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील स्कॉटलंडहून आलेले, लाकूडकामावर उपजीविका करणारे गृहस्थ. रिव्हर्टन या छोट्या गावात बालपण घालवून हा एकुलता एक मुलगा ॲडलेडला शिकण्यास आला आणि तेथील विद्यापीठात वैद्यकाच्या वर्गात दाखल झाला. पहिले महायुद्ध पेटले तेव्हा शिक्षण अर्धवट टाकून तो १९१५ साली लष्कराच्या वैद्यकीय पथकात साधा शिपाई म्हणून भरती झाला. लेम्नॉस बेटावरील इस्पितळात त्याने सेवा केली. पदवी पुरी करण्यासाठी त्याला मायदेशी परत पाठवण्यात आले. १९१७ साली तो डॉक्टर झाला आणि पुन्हा युद्धावर, या खेपेस फ्रान्समध्ये, गेला. युद्ध संपल्यावर ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर तो १९१९ साली ऑक्सफर्डच्या बॅलिओल कॉलेजात आला. अंगाने धिप्पाड आणि वृत्तीने हौशी असलेल्या या तरुणाने १९२० साली केंब्रिजविरुद्धच्या प्रसिद्ध नौकाशर्यतीत ऑक्सफर्डच्या नावेचे वल्हे हाती घेतले. पुढच्याच वर्षी बॅलिओलच्या प्रमुखांची कन्या बार्बारा हिच्याशी त्याचा विवाह झाला.

त्यांच्या आयुष्याला खरे वळण मिळाले ते १९२६ साली. रॉकफेलर शिष्यवृत्ती घेऊन केर्न्स अमेरिकेत बॉस्टन येथे हार्वी कुशिंग यांच्या हाताखाली वर्षभर काम करण्यास गेले. मेंदूच्या शस्त्रक्रियेला शास्त्राची बैठक देणाऱ्यांत कुशिंग अग्रगण्य. घाई न करता, रक्ताचा थेंब न् थेंब जपत शस्त्रक्रिया करणे ही त्यांची शिस्त. आणि प्रत्येक रुग्णाची नोंद काटेकोरपणे ठेवून तो बरा होऊन गेल्यावरही त्याचा मागोवा घेत राहणे ही तितकीच महत्त्वाची दुसरी शिस्त. केर्न्स यांनी दोन्ही आत्मसात केल्या. हातातील कौशल्याने त्यांना नामवंत शल्यविशारद केले. नोंदवहीच्या सवयीने त्यांच्याकडून त्याहून मोठे काम करून घेतले. लंडनला परतल्यावर त्यांनी मेंदूच्या शस्त्रक्रियेला स्वतःचे आयुष्य वाहिले. त्या काळी इंग्लंडमध्ये ही स्वतंत्र शाखा मानण्यासही अनेक जुनी मंडळी तयार नव्हती.

१३ मे १९३५ रोजी डॉर्सेट परगण्यातील एका अरुंद रस्त्यावर एक अपघात झाला. टी. ई. लॉरेन्स, म्हणजे पहिल्या महायुद्धातील अरबांच्या उठावामुळे जगभर गाजलेला ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’, बॉव्हिंग्टनच्या लष्करी छावणीतून आपल्या घरी मोटारसायकलवरून परतत होता. कीर्तीला विटून नाव बदलून हवाई दलात सामान्य सैनिक म्हणून राहिलेला हा विलक्षण मनुष्य काही काळ आपल्याकडेही होता. त्या वेळी मुंबई इलाख्यात मोडणाऱ्या कराचीत त्याने १९२७-२८ मध्ये नोकरी केली होती. वेगवान मोटारसायकलींचे त्याला वेड होते. ब्रफ सुपीरियर या भारी बनावटीच्या सात गाड्या त्याने एकामागून एक वापरल्या. त्या दिवशी रस्त्याच्या उतारात झाकली गेलेली, सायकलवरून चाललेली दोन मुले त्याला अकस्मात समोर दिसली. त्यांना वाचवण्यासाठी त्याने गाडी वळवली आणि तो स्वतः पुढे फेकला गेला. डोक्यावर काही नव्हते. कवटीला जबर मार बसला होता. त्याच्यासाठी बोलावलेल्या तज्ज्ञांत केर्न्स होते. सहा दिवस बेशुद्धीत काढून १९ मे रोजी लॉरेन्स मरण पावला. वय होते ४६. रणांगणातून सुखरूप परतलेला माणूस घरापासून हाकेच्या अंतरावरील रस्त्याने नेला.

शिरस्त्राण असते तर लॉरेन्स वाचला असता काय, हे कोणीच छातीठोकपणे सांगू शकणार नाही. पण या मृत्यूने केर्न्स यांच्यासमोर जो प्रश्न उभा केला, तो एका रुग्णापुरता नव्हता. मेंदू हा हाडाच्या पेटीत ठेवलेला अतिशय मऊ अवयव. डोके रस्त्यावर आदळते त्या क्षणी त्याची जी चिरफाड व्हायची ती होऊन जाते; मेलेल्या मज्जापेशी कोणत्याही शल्यविशारदाला परत आणता येत नाहीत. साचलेले रक्त काढणे, सूज आवरणे, जंतुसंसर्ग रोखणे एवढेच त्याच्या हाती उरते. म्हणजे शस्त्रक्रियेच्या मेजावर रुग्ण येतो तेव्हा मुख्य लढाई होऊन गेलेली असते. ती जिंकायची तर रुग्ण इस्पितळात येण्यापूर्वी, रस्त्यावरच जिंकली पाहिजे. स्वतःच्या विद्येची मर्यादा इतक्या स्पष्टपणे ओळखणे हे निष्णात माणसाला फार जड जाते. केर्न्स यांना ते साधले, यात त्यांचे मोठेपण आहे.

१९३७ साली ते ऑक्सफर्डमध्ये शल्यशास्त्राचे पहिले नफिल्ड प्राध्यापक झाले. हे अध्यासन ज्यांच्या देणगीतून निर्माण झाले ते लॉर्ड नफिल्ड म्हणजे मोटारींचे कारखानदार विल्यम मॉरिस. सायकलदुरुस्तीच्या दुकानापासून सुरुवात करून त्यांनी आरंभी मोटारसायकलीही बनवल्या होत्या. वाहनांच्या व्यवसायातून आलेला पैसा वाहनांनी जायबंदी केलेल्यांच्या उपचाराला लागावा, हा योगायोग विचार करायला लावणारा आहे.

दोनच वर्षांत दुसरे महायुद्ध सुरू झाले. ऑक्सफर्डच्या सेंट ह्यूज कॉलेजात डोक्याच्या जखमांसाठी खास लष्करी इस्पितळ उघडण्यात आले आणि त्याची धुरा केर्न्स यांच्याकडे आली. युद्ध संपेपर्यंत तेथे सुमारे १३,००० रुग्णांवर उपचार झाले. गोळ्यांनी आणि बॉम्बच्या तुकड्यांनी जखमी झालेले सैनिक तेथे येणार, ही अपेक्षा होतीच. परंतु आरंभीच्या काळात केर्न्स यांच्या ध्यानात आले की, मोटारसायकलवरून पडलेल्या तरुणांची संख्याही लक्षणीय आहे. लष्कराचे निरोप पोहोचवणारे हे स्वार. ब्लॅकआउटच्या अंधारात, झाकलेल्या दिव्यांनिशी, ट्रकांच्या तांड्यांतून वाट काढत ते जात आणि शत्रूचे तोंड पाहण्यापूर्वीच प्राणाला मुकत.

केर्न्स यांनी वही उघडली. ऑक्टोबर १९४१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. युद्धापूर्वीच्या २१ महिन्यांत ब्रिटनच्या रस्त्यांवर मोटारसायकल चालवणारे आणि त्यांच्या मागे बसलेले मिळून १,८८४ लोक मेले होते. युद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत हा आकडा २,२७९ वर गेला होता. मृत्यूचे सर्वांत मोठे कारण डोक्याची दुखापत हे होते. शिरस्त्राण घातलेले अपघातग्रस्त स्वार केर्न्स यांना त्या वेळी अवघे सात सापडले, कारण ते घालणारेच दुर्मिळ होते. शर्यतीच्या मैदानावर १९१४ पासून शिरस्त्राणे वापरात असूनही रस्त्यावरच्या माणसाला त्यांची गरज असल्याचे कोणाला वाटले नव्हते. हे सातही जण वाचले होते. सात ही संख्या लहान आहे, याची जाणीव केर्न्स यांना होती. म्हणूनच त्यांनी तेथे काम थांबवले नाही.

नोव्हेंबर १९४१ मध्ये लष्कराने कामावरील आपल्या मोटारसायकलस्वारांना शिरस्त्राण सक्तीचे केले. आता नोंदींना तोटा नव्हता. केर्न्स यांनी ऑक्सफर्डमधील पदार्थविज्ञानाचे अभ्यासक हॉलबर्न यांना बरोबर घेतले आणि १९४३ साली दोघांनी शिरस्त्राण घातलेल्या १०६ अपघातग्रस्तांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शिरस्त्राण काम कसे करते, हेही त्यातून उलगडत गेले. बाहेरचे कवच आघात एका बिंदूवर न ठेवता पसरवते. आतील पट्ट्या आणि अस्तर दबून डोके थांबण्यास किंचित अधिक वेळ देतात. हा वेळ सेकंदाचा अल्पांश असतो. पण कवटी फुटणे आणि न फुटणे यांतील अंतरही तेवढेच असते. युद्ध संपल्यावर १९४६ साली केर्न्स यांनी सबंध युद्धकाळातील मासिक मृत्यूंचा आलेख मांडला. १९४१ च्या अखेरीपर्यंत वर चढलेली रेषा त्यानंतर खाली उतरलेली त्यात दिसते. या उतरणीला इतरही कारणे असतील; तथापि सर्व नागरिकांनी शिरस्त्राण वापरल्यास पुष्कळ प्राण वाचतील, हा निष्कर्ष टाळता येण्यासारखा नव्हता.

याच काळात रणांगणाजवळ शस्त्रक्रिया करणारी फिरती पथके त्यांनी उभारली आणि ॲडलेडचेच दुसरे सुपुत्र हॉवर्ड फ्लोरी यांच्यासमवेत १९४३ साली उत्तर आफ्रिकेत जाऊन जखमी सैनिकांवर पेनिसिलिनचा प्रयोग केला. १९४६ साली त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. परंतु आयुष्य पुरले नाही. १८ जुलै १९५२ रोजी ऑक्सफर्डमध्ये कर्करोगाने त्यांचा अंत झाला. वय होते ५६.

ब्रिटनमध्ये सर्व मोटारसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचे झाले ते १ जून १९७३ रोजी, म्हणजे केर्न्स यांच्या पहिल्या निबंधानंतर तब्बल ३२ वर्षांनी. तेव्हाही विरोध झाला. स्वतःच्या जिवाचे काय करावे हे ठरवण्याचा अधिकार व्यक्तीचा आहे, सरकारचा नव्हे, असा मुद्दा पार्लमेंटात इनॉक पॉवेल यांच्यासारख्या सभासदांनी मांडला. हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. लोकशाहीत तो मांडला गेलाच पाहिजे. परंतु केर्न्स यांच्या नोंदवहीत त्याचे उत्तर होते. फुटलेले डोके एकट्याचे नसते. त्याच्यामागे म्हातारे आईवडील असतात, शाळेत जाणारी मुले असतात, इस्पितळातील अडलेली खाट असते, आणि माणूस वाचला तरी हरवलेली स्मृती व गेलेली वाचा सांभाळणारी पत्नी असते.

आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने हेल्मेट बंधनकारक केले. चालकाला तसेच मागे बसणाऱ्यालाही. तरीही केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्त्यांवर मरण पावलेल्या १,६८,४९१ जणांपैकी सुमारे ४४ टक्के दुचाकीवरचे होते, आणि हेल्मेट न घातलेल्यांच्या मृत्यूंचा आकडा ५०,०२९ होता. त्यांतील १४,३३७ जण मागे बसलेले होते. दुचाकींचे शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पुण्यात २०१९ च्या आरंभी सक्तीची अंमलबजावणी सुरू होताच तिच्याविरुद्ध निदर्शने झाली. उकाडा होतो, मान दुखते, शहरात वेग तो काय असतो, हे आक्षेप परिचित आहेत. पहिल्या दोहोंत तथ्य आहे आणि हलकी, हवेशीर, योग्य मापाची हेल्मेट बनवून ते दूर करता येतील. तिसऱ्याचे उत्तर मात्र शाळेतील पदार्थविज्ञानाच्या कोणत्याही शिक्षकाला फळ्यावर देता येईल. दीड मीटर उंचीवरून पडणारी वस्तू जमिनीला टेकते तेव्हा तिचा वेग ताशी सुमारे १९ किलोमीटर असतो. गाडी मुंगीच्या पावलाने चालली असली तरी डोके रस्त्यावर आदळण्याचा वेग एवढा असू शकतो.

पुरावाही आता सात रुग्णांपुरता राहिलेला नाही. जगभरातील अनेक अभ्यास एकत्र तपासून २००८ साली जो आढावा प्रसिद्ध झाला, त्यानुसार हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्क्यांनी कमी होतो. अट एवढीच की, ते आयएसआय चिन्हाचे असावे, मापाचे असावे आणि हनुवटीखालचा पट्टा आवळलेला असावा. पट्टा न लावलेले हेल्मेट पहिल्याच हिसक्याला उडून जाते. हेल्मेट अपघात टाळत नाही, हेही खरे. त्यासाठी वेगावर ताबा, समोरच्या वाहनापासून अंतर आणि वळणापलीकडे कोणीतरी असेल ही सावध बुद्धी लागते. डॉर्सेटच्या त्या उतारावर दोन मुले होती, याचा विसर पडू नये.

केर्न्स यांनी भाषणे ठोकली नाहीत की भीतीही घातली नाही. जे गेले त्यांची मोजदाद केली, जे वाचले त्यांची कारणे शोधली आणि दोन्ही लोकांपुढे ठेवून ते आपल्या कामाला लागले. त्यांचे म्हणणे त्यांच्या देशाला पटायला ३२ वर्षे लागली. आपल्या हाती ते पुराव्यासह आयते आले आहे. उद्या सकाळी कचेरीला किंवा कॉलेजला निघताना आरशावर टांगलेले हेल्मेट डोक्यावर घ्यावे, पट्टा लावावा आणि मागे बसणाऱ्यालाही एक द्यावे. यासाठी चौकात पोलीस असण्याची गरज नाही.