आठ आण्यांचे पुस्तक आणि बाबासाहेब

डिसेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका बातमीची स्वतःहून दखल घेतली. महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांच्या लेखन व भाषणांच्या खंडांची छपाई रखडवली आहे, कागद खरेदी होऊनही खंड छापले जात नाहीत, अशी ती बातमी होती. आमच्या कार्यकर्त्यांत संताप उसळला, निवेदने गेली. ते योग्यच होते. शासनाने पत्करलेली जबाबदारी शासनाने पार पाडलीच पाहिजे. परंतु त्या गदारोळात एक प्रश्न कोणी विचारला नाही. बाबासाहेब हयात असताना त्यांची पुस्तके कोण छापत होते? कोणाच्या पैशाने? आणि ती वाचकांच्या हातात पोचत होती कशी?

बाबासाहेबांची चरित्रे आपण पुष्कळ वाचतो. महाड, नाशिक, गोलमेज, घटना, दीक्षाभूमी हे टप्पे आपल्या पोराटोरांनाही पाठ आहेत. पण छापखान्याची बिले भरणारे, प्रती खपल्या की नाही याची काळजी वाहणारे बाबासाहेब आपल्याला फारसे ठाऊक नाहीत.

३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाले. छत्रपती शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपये दिले. नवे पत्र निघते तेव्हा ते निघाल्याची खबर लोकांना लागावी लागते, म्हणून ‘केसरी’कडे जाहिरात पाठवली. फुकट नव्हे, पैसे मोजून! ती ‘केसरी’ने छापली नाही. तेव्हा टिळक हयात होते. आपल्या वाचकांपर्यंत जाण्याचा रस्ता दुसऱ्याच्या अंगणातून जात असेल तर तो केव्हाही बंद होऊ शकतो, हा धडा बाबासाहेबांना पहिल्याच अंकाला मिळाला. त्याच वर्षी ते शिक्षण पुरे करण्यासाठी लंडनला गेले आणि ‘मूकनायक’ मागे राहिलेल्यांच्या हाती १९२३ पर्यंत कसेबसे चालले.

३ एप्रिल १९२७ ला ‘बहिष्कृत भारत’ सुरू झाले. महाडचा संगर नुकताच झाला होता आणि सनातनी पत्रे तुटून पडली होती. पगारी संपादक ठेवण्याची ऐपत नव्हती. बॅरिस्टरी, कॉलेजातले शिकवणे, कौन्सिलचे काम आणि चळवळ सांभाळून बाबासाहेब एकट्याने रकानेच्या रकाने लिहीत. वर्गणीदार कोण होते? गिरणीतला बदली कामगार, गोदीतला हमाल, रेल्वेतला गँगमन. अनेकांना वाचता येत नव्हते. चाळीत एकाने वाचायचे आणि दहांनी ऐकायचे. दहा वाचक म्हणजे एक प्रत! खपाचे हे गणित कुठल्याही प्रकाशकाला परवडणारे नाही. १९२९ च्या नोव्हेंबरात ते पत्र बंद पडले. पण पुढच्याच वर्षी, २४ नोव्हेंबर १९३० ला, ‘जनता’ उभे राहिले आणि ते टिकले. चळवळीच्या हाती स्वतःचा भारतभूषण छापखानाही आला.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. बाबासाहेबांना प्रकाशक मिळत नव्हते असे कोणी समजू नये. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध १९२३ मध्ये लंडनच्या पी. एस. किंग या नामांकित प्रकाशनाने काढला होता. पुढे पाकिस्तानवरचा ग्रंथ आणि शूद्रांवरचा, महात्मा फुल्यांना अर्पण केलेला ग्रंथ मुंबईच्या थॅकर आणि कंपनीने काढले. अर्थशास्त्र आणि राजकारण लिहिणाऱ्या डॉक्टर आंबेडकरांना दारे उघडी होती. जातीच्या मुळावर घाव घालणाऱ्या आंबेडकरांची गोष्ट मात्र वेगळी झाली.

ती गोष्ट १९३६ ची. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने आपल्या वार्षिक परिषदेचे अध्यक्षपद बाबासाहेबांना दिले. मंडळ सवर्ण सुधारकांचे, चिटणीस संतराम. भाषण लिहून तयार झाले. ते लाहोरला छापावे, स्वस्त पडेल, असे मंडळाचे म्हणणे. बाबासाहेबांनी ते मानले नाही. छपाई मुंबईतच होईल, असा त्यांनी आग्रह धरला. वरवर पाहता ही किरकोळ हिशोबाची बाब वाटते. आम्हाला तसे वाटत नाही. ‘केसरी’चा अनुभव घेतलेल्या माणसाला छापखाना कोणाच्या गावात आहे याचे महत्त्व पक्के ठाऊक होते. झालेही तसेच. एप्रिलमध्ये मंडळाचे हरभगवान मुंबईला आले, भाषण त्यांनी पाहिले, आणि मग पत्रे सुरू झाली. वेदांचा उल्लेख नको. हिंदू म्हणून हे आपले शेवटचे भाषण, हा शेवटचा भाग गाळा. बाबासाहेबांनी स्वल्पविराम बदलायलाही नकार दिला. परिषदच बारगळली!

दुसरा कोणी असता तर कागद कपाटात ठेवून दिले असते. बाबासाहेबांनी १५ मे १९३६ ही तारीख घालून प्रस्तावना लिहिली, तिच्यात मंडळाशी झालेला सारा पत्रव्यवहार छापला आणि न झालेले भाषण स्वखर्चाने पुस्तकरूपाने बाजारात आणले. किंमत आठ आणे. प्रती पंधराशे. व्यासपीठ नाकारल्याची हकीकतच पुस्तकाच्या दारावर लावली. वाचकाला पहिल्या पानापासून कळावे की हे भाषण ऐकू द्यायला कोण घाबरले होते. याहून मोठी जाहिरात कुठली?

आता आठ आण्यांकडे वळू. जुलै १९३६ मध्ये गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये या पुस्तकावर लिहिले. पुस्तकाची दखल सुधारकांनी घेतलीच पाहिजे असे म्हटले, आणि किंमत दोन आणे, निदान चार आणे करावी असा सल्लाही दिला. सल्ला ऐकायला गोड आहे. हिशोब मांडून पाहू. पंधराशे प्रती आठ आण्यांनी, एकही फुकट न देता, विकल्या तर हातात येतात साडेसातशे रुपये. चार आण्यांनी पावणेचारशे. दोन आण्यांनी एकशे साडेसत्याऐंशी. त्यातच कागद, जुळणी, छपाई, बांधणी, टपाल आणि विक्रेत्याचे कमिशन! गांधीजींच्या पाठीशी नवजीवन छापखाना होता, देणगीदार शेठजी होते. त्यांना दोन आण्यांची भाषा शोभून दिसली. ज्याच्या मागे गिरणी कामगारांशिवाय कोणी नाही, त्याने पुस्तक तोट्यात विकले तर पुढचे पुस्तक छापायचे कशाने?

पंधराशे प्रती दोन महिन्यांत संपल्या. गुजराती आणि तमिळ अनुवाद झाले. तमिळ अनुवाद पेरियारांच्या पत्रातून आला. मराठी, हिंदी, पंजाबी, मल्याळम अनुवाद हाती घेतले गेले. १९३७ ची दुसरी आवृत्ती काढताना बाबासाहेबांनी गांधीजींची टीका जशीच्या तशी पुस्तकात घातली आणि तिला आपले उत्तर जोडले. विरोधकाचा अभिप्राय आपल्याच खर्चाने छापायचा, वाचकाने दोन्ही बाजू तोलाव्यात म्हणून. १९४४ मध्ये तिसरी आवृत्ती निघाली, तीत कोलंबियातला त्यांचा जातिसंस्थेवरचा तरुणपणीचा निबंधही जोडला होता. ज्या भाषणाला लाहोरच्या मंडपात काहीशे श्रोते मिळाले असते ते आज जगभर वाचले जाते.

पण सगळीच पुस्तके अशी पार पडली नाहीत. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ आठवला की आमचे मन आजही जड होते. १९५१ मध्ये त्याच्या पहिल्या खर्ड्याच्या केवळ पन्नास प्रती खासगी वितरणासाठी छापल्या होत्या, जाणकारांचे अभिप्राय यावेत म्हणून. मग पाच वर्षे दुरुस्त्या चालल्या. मधुमेहाने शरीर पोखरले होते, दृष्टी अधू झाली होती. नानकचंद रत्तू आपली सरकारी नोकरी संपवून संध्याकाळी येत आणि रात्री उशिरापर्यंत टंकलेखन करीत. छपाईचा खर्च वीस हजार रुपयांच्या घरात गेला. देशाच्या माजी कायदेमंत्र्याकडे, घटनेच्या मसुदा समितीच्या अध्यक्षाकडे तेवढे पैसे नव्हते!

१४ सप्टेंबर १९५६ ला बाबासाहेबांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहिले. बुद्धाच्या अडीच हजाराव्या जयंतीचा सोहळा सरकार करणार होते. ग्रंथालयांना आणि येणाऱ्या विद्वानांना देण्यासाठी सरकारने पाचशे प्रती विकत घ्याव्यात, अशी विनंती होती. देणगी नव्हे, खरेदी. दुसऱ्याच दिवशी उत्तर आले. जयंतीसाठी ठेवलेली रक्कम संपली आहे, पत्र समितीचे अध्यक्ष राधाकृष्णन यांच्याकडे पाठवतो, आणि सोहळ्याच्या वेळी पुस्तक दिल्लीत विक्रीला ठेवता येईल. बुद्धाचा उत्सव करायला सरकारकडे पैसा होता. बुद्धावरचे पुस्तक घ्यायला नव्हता. पुढच्याच महिन्यात नागपुरात लाखो लोकांनी धम्मदीक्षा घेतली, तेव्हा तो ग्रंथ अजून छापून बाहेर पडलेला नव्हता.

५ डिसेंबरच्या रात्री अलीपूर रोडच्या घरी त्यांनी याच ग्रंथाच्या प्रस्तावनेचे कागद रत्तूंकडून मागून घेतले. सकाळी ते गेलेले होते. १९५७ मध्ये ग्रंथ निघाला तो सिद्धार्थ कॉलेजच्या प्रकाशनातर्फे, म्हणजे त्यांनीच उभ्या केलेल्या संस्थेतून.

शासनाचा पहिला खंड आला १९७९ मध्ये. मधल्या बावीस वर्षांत पंजाबात जालंधरच्या ‘भीम पत्रिका’सारख्या छोट्या प्रकाशनांनी, स्वतःची पदरमोड करून, बाबासाहेब छापते ठेवले. वसंत मून यांचे संपादनाचे काम अजोड आहे, यात शंका नाही. पण सरकारी छपाईची किंमतही आपण पाहिली. १९८७ मध्ये चौथ्या खंडातील राम आणि कृष्णावरच्या प्रकरणावरून वादळ उठवले गेले, आणि शेवटी शासन या मतांशी सहमत नाही अशी टीप त्याला जोडली गेली. लाहोरच्या मंडळाला जे जमले नाही त्याच्या जवळपास जाणारे काहीतरी मुंबईत घडले.

१ जानेवारी २०१७ पासून बाबासाहेबांच्या हयातीतील प्रकाशित लेखनावर कोणाचा स्वामित्वहक्क उरलेला नाही. ते कोणीही छापू शकतो, आणि छापतातही. चैत्यभूमीवर आणि दीक्षाभूमीवर स्टॉल लागतात, लोक पोटाला चिमटा काढून पुस्तके नेतात. काही प्रती मात्र पाहवत नाहीत. मुद्रितशोधन नाही, परिच्छेद गायब, अनुवादकाचे नाव नाही. ज्याने स्वल्पविरामासाठी परिषद सोडली त्याच्या पुस्तकाची ही दशा आपल्याच हातून! येत्या ६ डिसेंबरला जातिनिर्मूलनावरचे हे पुस्तक विकत घेताना आधी आत पाहा. लाहोरच्या मंडळाशी झालेला पत्रव्यवहार आहे का, गांधीजींचे लेख आणि त्यांना दिलेले उत्तर आहे का, अनुवाद कोणाचा आणि कोणत्या आवृत्तीवरून केला ते लिहिले आहे का. नसेल तर प्रत परत ठेवा आणि शेजारच्या स्टॉलवर विचारा.